दार-ए-सलामला अडकलेलं आत्तींचं नाव

आफ्रिकेला जाऊन आले असं सांगितलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न येतो, सिंह बघितला का? मी नाही म्हणते. मग विचारणाऱ्याचा चेहरा असा पडतो, जणू त्याच्या वाटणीचा सिंह मीच कुठंतरी हरवून आले. सिंह नाही, हत्ती नाही, तो बर्फाची टोपी घातलेला डोंगरही नाही. टांझानियात नऊ दिवस राहून मी काय बघितलं, तर आमच्याच कारखान्यात ओतलेल्या आणि शिरोली एमआयडीसीत आमच्या डोळ्यांदेखत कंटेनरमध्ये चढवलेल्या साठ मशिनी. त्याही कुलपाआड. त्यांच्यावर आरोप असा होता, की त्या आमच्या मशिनींची नक्कल आहेत.

आपलं नाव ते आपलंच, जगात कुठंही जा, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी पुढचं सावकाश वाचावं. आम्हीही त्याच समजुतीत सुखानं झोपत होतो.

आधी घरचं सांगते. आमचा उसाचा रस काढायच्या चरकांचा कारखाना आहे. चरकाच्या दोन्ही बाजूंना बिडाच्या जाड प्लेटा असतात आणि त्यांवर उठावाच्या अक्षरांत नाव ओतलेलं असतं: रखमाक्का. रखमाक्का म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. कसबा बावड्याच्या रस्त्याला त्यांचा रसाचा गाडा होता. चरक सारखा मोडायचा, तो दुरुस्त करता करता सासरे स्वतःच चरक बनवायला लागले. आमचा औद्योगिक इतिहास एवढाच. आत्ती पन्नाशीत प्रौढ साक्षरता वर्गाला गेल्या, आणि पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलेला त्यांचा कागद सासऱ्यांनी सुताराकडं दिला. तीच अक्षरं लाकडात कोरून साच्यावर बसवली. त्यातला र एका बाजूला कलंडलाय आणि ख चे दोन भाग वाटणी झालेल्या भावांसारखे लांब लांब उभे आहेत. सासरे गेले, आत्तींनी ऐंशी ओलांडली, पण प्लेटेवर आजही तेच अक्षर आहे.

आफ्रिकेत आमचा माल दिनकरराव विकायचे. हे मूळचे इचलकरंजीकडचे, आता दार-ए-सलामला स्थायिक. नऊ वर्षं चांगली गेली. मग तिकडून तक्रारी यायला लागल्या, की तुमच्या मशिनीचे दाते झडतात. आमच्या मशिनीचे दाते झडत नाहीत, माणसाचे झडतील. चौकशी केली तेव्हा कळलं, दिनकरराव भलतीकडून हलका माल ओतून आणत होते आणि त्यावर रखमाक्का लिहीत होते. आम्ही त्यांना सोडलं, दुसरा विक्रेता नेमला, त्याच्यासाठी साठ मशिनी पाठवल्या. त्या बंदरात उतरल्या आणि तिथल्या नकली माल पकडणाऱ्या खात्यानं जप्त केल्या. कारण टांझानियाच्या सरकारी दप्तरात रखमाक्का या नावाचे मालक म्हणून दिनकररावांची नोंद होती.

आमच्या ह्यांना साखरेचा त्रास आणि विमानाची भीती, यातली भीती जास्त. म्हणून जायचं ठरलं ते माझे धाकटे दीर आप्पाभावजी आणि मी असं. आप्पाभावजी कारखान्याचा चेहरा आहेत, म्हणजे काम सोडून सगळीकडं दिसतात. मी एम.ए. मराठी. कारखान्याचं सगळं लिखाणकाम माझ्याकडं असतं आणि त्याचा मला गर्व होता, तो या प्रवासात उतरला.

निघताना आत्तींच्या पाया पडलो. त्यांनी आशीर्वाद वगैरे दिला नाही. म्हणाल्या, "तिकडनं मला काय बी आनू नगासा. माझं नाव तेवढं सोडवून आना."

दार-ए-सलाम, शुक्रवार

उकाडा रत्नागिरीचा आणि गर्दी कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या आठवडी बाजाराची. रस्त्यानं छोट्या बसगाड्या धावतात, त्यात माणसं कोंबलेली आणि दारात लोंबणारा पोरगेला कंडक्टर हातानं पत्रा बडवत ओरडतोय. हे तर आपलं वडाप, असं मी म्हटलं आणि मला जरा बरं वाटलं. रिक्षाला तिथले लोक आपल्याकडच्या एका कंपनीच्या नावानंच हाक मारतात. त्या कंपनीनं तिथं आपलं नाव वेळेत नोंदवलं असणार, असा विचार माझ्या मनात आला. बाकी कुठल्या प्रवाशाला रिक्षा बघून असलं काही सुचत नसेल.

लोक बोलायच्या आधी खुशाली विचारतात. सकाळ कशी आहे, घर कसं आहे, काम कसं आहे, प्रवास कसा झाला. उत्तरं सगळी चांगलीच द्यायची असतात. आपल्याकडं पाव्हण्याला थेट गाव आणि आडनाव विचारतात आणि मग मनात हिशेब लावतात. त्या मानानं हे लोक सभ्य.

आमची वकील नीमा नावाची चाळिशीची बाई होती. केस अगदी बारीक, बोलणं त्याहून बारीक. माझं इंग्रजी मोडकं असलं तरी भीड नसल्यामुळं चालून जातं. आप्पाभावजींनी टेबलावर पंच्याचं गाठोडं सोडलं आणि आतून फ्रेम काढली. आमच्या नावाचं भारतातलं नोंदणीचं सर्टिफिकेट. दर खंडेनवमीला आम्ही मशिनींबरोबर त्याचीही पूजा करतो, म्हणून काचेवर हळदीकुंकवाचे थर होते. ही फ्रेम त्यांनी विमानात मांडीवर धरून आणली होती. नीमानं काचेवरचा लाल डाग कसला ते विचारलं. मी सांगितलं. तिनं फ्रेम आदरानं उचलली आणि परत आप्पाभावजींच्या मांडीवर ठेवली.

मग तिनं समजावलं ते असं. हा कागद भारतात खरा आहे. भारताची हद्द संपली की त्याची सत्ता संपते. प्रत्येक देशाचं दप्तर वेगळं, तिथं जो पहिल्यांदा नाव लिहील त्याचं पारडं जड. इतकंच काय, समोर समुद्रात झांझिबार बेट आहे, झेंडा एकच, सरकार वरती एकच, पण नावांचं दप्तर तिथलं वेगळं. इथं नोंदवलेलं नाव तिथं चालत नाही.

आप्पाभावजी हसायला लागले. मला म्हणाले, "म्हंजे कागलात आपली आई आपली, आनि निपाणीत गेलं की दुसऱ्याची?"

मी याचं भाषांतर केलं नाही, कागल-निपाणीच्या मधून राज्याची हद्द जाते हे नीमाला कुठून ठाऊक असणार. पण ते बरोबर होतं. तिथल्या कायद्यानं निपाणीत आमची आई दुसऱ्याची झाली होती.

नीमा म्हणाली, एक वाट आहे. विक्रेत्यानं मालकाच्या संमतीशिवाय मालकाचं नाव आपल्या नावे चढवलं, तर ती नोंद रद्द होऊ शकते. तिनं तसा अर्ज केलाच होता आणि सोमवारी सुनावणी होती. तिनं पेन हातात घेऊन विचारलं, तुम्ही त्याला कधी लेखी संमती दिली होती का? नीट आठवून सांगा.

आप्पाभावजी म्हणाले, कधीच नाही. मीही मान हलवली. मी तर दोनदा हलवली.

संध्याकाळी हॉटेलवर पहिला अपघात झाला. आप्पाभावजींनी बॅगेत दोन किलो कांदा-लसूण चटणी घेतली होती, कारण परदेशात जेवण मिळत नाही अशी त्यांची खात्री होती. पिशवी फुटली होती आणि सुनावणीसाठी आणलेले तिन्ही पांढरे शर्ट तांबडे झाले होते. मी ते हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतले, तर ते गुलाबी झाले आणि बेसिनही. जेवायला मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि खोबऱ्याच्या रसातला मासा होता. उकड हातानं वळून खायची. मला आवडली. आप्पाभावजींनी बॅगेतली चटणी खरवडून तिला लावली आणि मग तीन वेळा वाढून घेतली.

बंदराजवळचं गोदाम, शनिवार

मशिनी ओळीनं उभ्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात लाल पट्टी. इतक्या लांब येऊन आपल्या भट्टीतला माल बघितला की माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं. मी एका प्लेटेवरून हात फिरवला, तर तिथला अधिकारी म्हणाला, हात लावू नका, हा पुरावा आहे.

तो अधिकारी तरुण, इस्त्रीच्या कपड्यातला आणि कामात अतिशय हुशार होता. दिनकररावांनी खात्याला नमुना म्हणून दिलेली एक मशीन त्यानं मुद्दाम शेजारी आणून ठेवली होती. आम्ही लांबून आलोय म्हणून त्यानं आम्हाला खरी आणि खोटी कशी ओळखायची याचा धडाच दिला. ही खरी बघा, तो म्हणाला. दिनकररावांच्या हलक्या मालावर रखमाक्का हे नाव छापखान्यातल्या अक्षरांसारखं गुळगुळीत, एका रेषेत होतं. मग तो आमच्या मशिनीकडं वळला. ही नकली. अक्षरं बघा कशी वाकडी आहेत. हे पहिलं अक्षर पडलंय, दुसऱ्याचे तुकडे झालेत. चांगली कंपनी असलं काम करणार नाही. नक्कल करणारे अडाणी असतात, त्यांना हे जमत नाही.

ती अक्षरं एका बाईनं पन्नासाव्या वर्षी कंदिलाजवळ बसून काढली होती, आणि तेव्हा तिच्या हाताला उसाच्या चिपाडांनी पडलेले चिरे होते. हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. नंतर नीमानं त्याची नोंद वाचून दाखवली, ती अशी होती: पाहणीस आलेल्यांनी अक्षरे वाकडी असल्याचे मान्य केले.

मी इतकी चिडले, की नीमानं मला तिथून उचलून थेट बाजारात नेलं. करियाकू म्हणजे आपली लक्ष्मीपुरी, गुजरी आणि शिंगोशी मार्केट एका पिशवीत घालून हलवावं तसा बाजार. एका कोपऱ्यावर झुहुरा नावाची जाडजूड बाई रस काढत होती. तिथं मोठ्या बायकांना आदरानं मामा म्हणतात. आप्पाभावजींना हे शेवटपर्यंत जमलं नाही, ते तिला ताई म्हणायचे आणि तीही ओ द्यायची. तिचा चरक आमचा होता. पहिल्या लॉटमधला, दहा वर्षांचा, रंग उडालेला, पण आत्तींचा कलंडलेला र दिमाखात पडलेला. तिथले लोक रसाच्या कुठल्याही चरकाला राकामाका म्हणतात, हे मला तिच्याकडून कळलं. रसात आलं आणि लिंबू होतं, बर्फ नव्हता. आपल्या रसवंतीसारखी चरकाला घुंगरं नव्हती, ती उणीव ती स्वतः ओरडून भरून काढत होती.

राकामाका म्हणजे काय, असं तिनं विचारलं. माझ्या सासूचं नाव, असं मी नीमाकरवी सांगितलं. झुहुरा माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं दोन रुळांमधून चिपाड होऊन बाहेर पडणाऱ्या उसाकडं बोट केलं, परत माझ्याकडं बघितलं आणि हसत हसत उसाच्या मोळीवरच बसली. असल्या मशिनीला सासूचं नाव देणारी सून तिनं प्रथमच पाहिली होती. तिनं माझ्याकडून रसाचं काही घेतलं नाही. सासू असलेल्या बाईला दुसऱ्या बाईचं दुःख कळतं, ते सगळ्या खंडांत सारखंच.

दिनकररावांचं घर, रविवार

सकाळी दिनकररावांचा फोन आला. "वहिनी, भांडान सोमवारी. रविवारी जेवाय या. आपली मानसं हॉटेलात जेवत्यात, हे बरं दिसत न्हाय."

दुसऱ्या कुठल्या मुलखातला माणूस असता तर त्यानं फोन ठेवला असता. आपल्याच नावाची चोरी करणाऱ्याच्या घरी सुनावणीच्या आदल्या दिवशी मटण खायला जाणं, हे फक्त आम्हाला सुचतं. जेवायला बोलावल्यावर नाही कसं म्हणायचं, असं आप्पाभावजी म्हणाले, आणि मलाही ते पटलं, हे मी लाजेनं लिहिते. नीमाला आम्ही सांगितलं नाही. ती ओरडेल हे आम्हाला कळत होतं, म्हणजे तेवढी अक्कल शाबूत होती.

घर समुद्राजवळ, दारात तुळस. दिनकररावांनी वाकून मला नमस्कार केला. पांढऱ्या रश्शात त्यांच्याकडं ताज्या नारळाचं दूध सढळ असतं, त्यामुळं तो कोल्हापूरपेक्षा चांगला झाला होता. चोराच्या घरचं अन्न चांगलं लागलं तर माणसानं काय करावं, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. मी दोन वाट्या घेतल्या.

हात धुवून आप्पाभावजी दिवाणखान्यात गेले आणि तिथूनच त्यांनी मला हाक मारली. आवाजात आनंद होता. भिंतीवर सोनेरी चौकटीत एक मानपत्र लावलेलं होतं. आमचं. पाच वर्षांपूर्वी कारखान्याचा रौप्यमहोत्सव झाला, तेव्हा आम्ही दिनकररावांना फेटा बांधून, शाल-श्रीफळ देऊन ते दिलं होतं. तुम्हाला ठाऊकच आहे, कोल्हापुरात माणूस एकवेळ जेवल्याशिवाय जाईल, सत्काराशिवाय जाणार नाही. आप्पाभावजी पाठीमागं हात बांधून ते मोठ्यानं वाचायला लागले. भाषणाच्या आवाजात.

"सातासमुद्रापार रखमाक्का या नावाचा डंका वाजविणारे आपण त्या नावाचे खरे धनी आहात. आफ्रिका खंडी हे नाव आता आमचे उरले नसून सर्वस्वी आपलेच झाले आहे. त्याचे सर्व मान आणि अधिकार आम्ही आज आपल्या चरणी आनंदाने अर्पण करीत आहोत."

खाली आमच्या ह्यांची सही, आप्पाभावजींची सही आणि कारखान्याचा गोल शिक्का.

पहिल्या ओळीला मला वाटलं, भाषा छान आहे. दुसऱ्या ओळीला वाटलं, ओळखीची आहे. तिसऱ्या ओळीला कळलं, कुणाची. ते मी लिहिलं होतं. कारखान्यात जिन्याखालच्या टेबलावर बसून, अर्ध्या तासात, एका दमात. 'सर्वस्वी' हा शब्द सुचला तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते, हेसुद्धा मला आठवलं. शुक्रवारी वकिलीणबाईंसमोर मी दोनदा मान हलवली होती आणि कारखान्याची संमती पाच वर्षं या भिंतीवर लटकत होती.

दिनकरराव शेजारी बडीशेप घेऊन उभे होते. म्हणाले, "वहिनी, लई झ्याक लिव्हलंयसा. मी रोज वाचतो."

मी म्हटलं, दिनकरराव, तुम्ही मराठी माणूस. मानपत्र म्हणजे काय आणि त्यातलं किती खरं असतं, हे तुम्हाला कळत नाही का?

"मला कळतंय की," ते म्हणाले. "पर हितल्या सायबाला त्यातलं मानपत्र कळत न्हाय. त्याला नुसती सही कळती."

परत येताना रिक्षात आप्पाभावजी मानपत्राचंच कौतुक करत होते. कळायला त्यांना पूल ओलांडेपर्यंत वेळ लागला. मग म्हणाले, "वैनी, ते तुमीच लिव्हलंवतं न्हवं?" मी हो म्हटलं. ते पुढं काही बोलले नाहीत, आणि आयुष्यभर मी ज्यांच्या बोलण्याची टिंगल केली त्या माणसाचं ते न बोलणं मला सहन झालं नाही.

दप्तराची कचेरी, सोमवार

मी सकाळी नीमाला सगळं सांगितलं, जेवणासकट. तिनं शुक्रवारचं टिपण काढलं आणि आमच्या 'कधीच नाही'वर काट मारली.

दप्तराचे अधिकारी वयस्कर, शांत गृहस्थ होते. आप्पाभावजी गुलाबी शर्टात. दिनकररावांच्या वकिलानं मानपत्र चौकटीसकट टेबलावर ठेवलं, त्याबरोबर शपथेवर केलेलं इंग्रजी भाषांतर. माझं लिखाण परभाषेत जायचं हा पहिला प्रसंग. भाषांतर चांगलं होतं. 'सर्वस्वी'ला त्यांनी तीन शब्द वापरले होते, एकही सुटला नव्हता.

सही तुमची का, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. आप्पाभावजींनी हो सांगितलं. मग मी उठले आणि म्हटलं, लिहिलं मी आहे, मला बोलू द्या. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्या गावात सत्कार असला की ज्याचा सत्कार त्याला वाघ म्हणतात, सूर्य म्हणतात, गरिबांचा कैवारी म्हणतात. वाघ म्हटलं म्हणून वन खातं त्याला धरायला येत नाही. हे नुसतं बोलणं असतं. ऐकणाऱ्यालाही माहीत असतं आणि लिहिणाऱ्यालाही.

अधिकाऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सौम्यपणे विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे जे खरं नाही ते लिहून त्याखाली सही करतात आणि कंपनीचा शिक्का मारतात?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता, नवल होतं, आणि ते जास्त लागलं. आमच्या सगळ्या फेट्यांची, शालींची आणि माझ्या एम.ए.ची त्या एका वाक्यात जी किंमत झाली ती मला मान्य आहे.

निकाल त्यांनी दिला नाही. प्रश्न गंभीर आहे, साक्षीपुरावे लागतील, तोवर नोंद दिनकररावांची राहील. नीमानं बाहेर आल्यावर हिशोब मांडला: दोन वर्षं, कदाचित तीन, आणि जिंकायची खात्री आता नाही. तोवर मशिनी समुद्राच्या हवेत गोदामात. खाऱ्या हवेत बिडाचं काय होतं ते मला सांगायची गरज नव्हती. दुसरी वाट एकच होती. नाव काढून टाकायचं. नाव नसेल तर माल नकली राहत नाही, आठवड्यात सुटतो.

आप्पाभावजी म्हणाले, लढू, वरच्या कोर्टात जाऊ. मी ह्यांना फोन केला. हे म्हणाले, तूच बघ. आमच्या घरात पुरुषांनी 'तूच बघ' म्हटलं की समजायचं, गोष्ट बिघडलेली आहे. रोज रात्री आत्तींचा फोन यायचा, नाव सुटलं का म्हणून, आणि मी रोज काम चाललंय असं सांगत होते. त्या दिवशीही तेच सांगितलं. त्यांना न विचारता मी नीमाला होकार दिला.

गोदाम, गुरुवार

छापलेलं नाव पुसता येतं. ओतलेलं नाव खरवडावं लागतं. नीमानं दोन कामगार आणि दोन ग्राइंडर आणले. साठ मशिनी, एकशे वीस प्लेटा. तो इस्त्रीच्या कपड्यातला अधिकारी खुर्ची टाकून बसला होता.

पहिली प्लेट मी घेतली. कारखान्यातली बाई आहे, ग्राइंडर धरता येतो. चाक र ला लावलं आणि ठिणग्या उडाल्या. बिडाचं अक्षर लवकर जात नाही, आधी त्याची धार जाते, मग उंची, मग शेवटी प्लेटेवर त्याची सावली तेवढी राहते आणि तीही घासावी लागते. ख च्या दोन भागांमधली फट शेवटपर्यंत दिसत होती. मला रडू आलं. चष्म्याआड कुणाला दिसलं नाही आणि आवाजात ऐकू आलं नाही. सासूशी माझं तीस वर्षं पटलेलं नाही. तिनं माझ्या भाकरीला नावं ठेवली, माझ्या लिखाणाला 'चिटोरं' म्हटलं, आणि तरीही त्या दिवशी मला असं वाटलं, की मी एका जिवंत बाईला तिच्या पाठीमागं पुसतेय.

एक प्लेट पुरी झाली. आप्पाभावजींनी ग्राइंडर माझ्या हातातून घेतला. काम सोडून सगळीकडं दिसणारा तो माणूस त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, गुलाबी शर्टात, कामगारांबरोबर उभा राहून घासत होता. शुक्रवारी दुपारी अधिकाऱ्यानं सगळ्या मशिनींवरून नजर फिरवली. नावाच्या जागी प्रत्येकीवर एक चकचकीत चट्टा. तो समाधानानं म्हणाला, आता या खऱ्या आहेत. लाल पट्ट्या कापल्या आणि संध्याकाळी नव्या विक्रेत्याचा ट्रक त्यांना घेऊन गेला.

कोल्हापूर

विमानतळावर गाडीत बसल्यापासून आप्पाभावजींनी गोष्ट तयार केली होती. तिकडचं सरकार विकलं गेलेलं, साहेब दिनकरच्या खिशातला, आम्ही वाघासारखे लढलो. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी ती सांगायला सुरुवात केली, आणि ती मला वाचवायला आहे हे मला कळत होतं. आत्ती सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या आप्पाभावजींकडं बघतच नव्हत्या, माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हटलं, आत्ती, तसं नाही. तुमचं नाव दिनकररावाला मीच लिहून दिलं होतं, रौप्यमहोत्सवाच्या मानपत्रात. आणि मशिनींवरून घासून काढलं तेही मीच ठरवलं. तुम्हाला विचारलं नाही.

आत्ती उठून आत गेल्या. जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला गाडी काढायला लावून शिरोलीला गेल्या. सुताराच्या खोलीत जाऊन बसल्या आणि मला बोलावणं पाठवलं. मी गेले तेव्हा साचा त्यांच्यासमोर आडवा ठेवलेला होता आणि त्या सुताराला सांगत होत्या, "तिकडं जानाऱ्या मशिनीवर माझं नाव नगं. हिचं घाल. सुलोचना. हिच्याच हाताच्या अक्षरात. बघू या, आता ही आपलं नाव कुनाच्या चरनी व्हातीया."

सुतार मान खाली घालून हसला. मला अपमान वाटला आणि तो वाटायलाच हवा होता. मी तिथंच, लाकडाच्या भुशात उभी राहून नीमाला फोन लावला आणि सांगितलं, की लोखंड ओतायच्या आधी नवं नाव नोंदवायचंय. तिथं एक, आणि झांझिबारला वेगळं. दुपारी तिचे अर्ज आले. मालक, असा पहिला रकाना होता. कारखान्याचं नाव लिहू, ह्यांचं लिहू का आत्तींचं लिहू, ते मला कळेना. मी कागद घेऊन आत्तींकडं गेले आणि विचारलं.

त्यांनी चष्मा लावून तो रकाना किती मोठा आहे ते बघितलं.

"तुझं नाव हाय न्हवं? मग तुझंच लिव्ह," त्या म्हणाल्या. "आनि ह्या टायमाला नुसतं नाव लिव्ह. त्याच्याम्होरं काय बी लिव्हू नगस."